केवढ्याला पडलं?

लिलाव रात्री अकराला बंद होणार होता. पावणेअकराला मी गच्चीवर गेले, कारण आमच्या घरात मोबाइलला धड रेंज मिळते ती फक्त पाण्याच्या टाकीजवळ. आमचं परंदवडी दोन टोलनाक्यांच्या मधलं गाव. एकीकडे एक्सप्रेसवेवरचा उर्से, दुसरीकडे जुन्या हायवेवरचा सोमाटणे. रात्री गच्चीवर उभं राहिलं की ट्रकांचा एकसारखा आवाज येत राहतो. अख्ख्या देशाचा माल आपल्या शेजारून चाललाय आणि आपल्याकडे काही थांबत नाही, असं वाटतं.

मोबाइलवर लॉट क्रमांक २१२ उघडला होता. ‘कंदिलाच्या जुन्या काचा, नग सहा, तळेगावच्या पैसा फंड कारखान्यातल्या’ असं विकणाऱ्याने लिहिलं होतं. फोटोत मळकट वर्तमानपत्रावर सहा काचा ओळीत मांडलेल्या. सुरुवातीची बोली ५०० रुपये.

दोन हजारांच्या वर जायचं नाही, असं मी स्वतःला बजावलं होतं. दहा पन्नासला आकडा १,४०० होता. पंचावन्नला १,९००, तो माझा. मग कोणीतरी २,००० केले. मी २,२००. समोरून २,३००. शेवटचं मिनिट सुरू झालं तेव्हा माझे हात खरंच थंड पडले होते. मी २,४०० टाकले आणि श्वास धरून उभी राहिले. घड्याळ शून्यावर आलं. स्क्रीनवर रंगीत कागदाचे तुकडे उडाले आणि ‘अभिनंदन, तुम्ही जिंकलात’ अशी पाटी आली.

मी जिंकले होते. मर्यादा चारशेने ओलांडून का होईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत बिल आलं.

बोली : २,४०० रुपये
खरेदीदाराकडून घ्यायचं कमिशन, १५ टक्के : ३६०
त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी : ६४.८०
काचेसाठी खास पॅकिंग : ६५०
कुरिअर : १,४००
वाहतुकीतला विमा : ४८
एकूण : ४,९२२ रुपये ८० पैसे

डबा तसाच उघडा ठेवून मी ते बिल तीनदा वाचलं. कोणी मला फसवलं नव्हतं. सगळे नियम पानाच्या तळाशी लिहिलेले होते, फक्त तिथपर्यंत मी बोट सरकवलं नव्हतं. काचा कोलकात्यात होत्या. हावड्याहून पुण्याला रेल्वेने यायचं तर अंतर साधारण दोन हजार किलोमीटर. काचा वजनाला खोक्यासकट जेमतेम चार किलो, पण कुरिअरवाले नाजूक मालाचं नुसतं वजन बघत नाहीत, त्याने गाडीत किती जागा अडवली तेही बघतात. खोका ६० बाय ४० बाय ४० सेंटिमीटरचा. तिन्हींचा गुणाकार ९६,०००. त्याला ५,००० ने भागायचं, म्हणजे १९.२. पुढच्या पूर्ण किलोला धरून २०. किलोला ७० रुपये दराने १,४००. खोक्यातल्या हवेचं भाडं मी भरत होते.

आता यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट सांगते. मी तळेगाव एमआयडीसीतल्या एका कंपनीत डिस्पॅचला आहे. दिवसभर मी हेच करते. आमच्या प्रत्येक कोटेशनवर दोन दर असतात. एक्स-वर्क्स, म्हणजे आमच्या गेटपर्यंतचा दर, पुढचं तुमचं तुम्ही बघा. आणि एफओआर, म्हणजे तुमच्या दारात माल पोचवण्यासकटचा दर. नवीन आलेल्या मुलांना मीच शिकवते की एक्स-वर्क्सचा दर बघून कधी खूश व्हायचं नाही. आणि रात्री गच्चीवर उभी राहून मी एक्स-वर्क्सच्या आकड्यावर बोली लावत होते.

*

या काचा मला का हव्या होत्या, ते सांगायला हवं.

माझे पणजोबा, म्हणजे आजीचे सासरे, तळेगावच्या काच कारखान्यात कामाला होते. रोज परंदवडीहून पायी जायचे आणि पायी यायचे. हा कारखाना साधासुधा नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे यांनी एक कल्पना काढली, की प्रत्येक माणसाकडून फक्त एक पैसा घ्यायचा आणि त्या पैशातून देशी उद्योग उभा करायचा. लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली. त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावात काच कारखाना सुरू झाला. जपान आणि अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे काच करायला शिकवत होते. तेव्हा आपल्याकडे काचसामान बोटीने परदेशातून यायचं. स्वदेशीचा मुद्दा भावनेचा होता तसाच तो बोटभाड्याचाही असणार, असं आता मला वाटतं. काच ही वाहून आणायला सगळ्यात वाईट वस्तू. जागा फार अडवते आणि वाटेत फुटते.

आजी या घरात लग्न होऊन आली तेव्हा घरात पणजोबांनी आणलेली कंदिलाची एक काच होती. रोज संध्याकाळी ती राखेने पुसायचं काम नव्या सुनेकडे आलं. एक दिवस तिच्या हातून ती निसटली. आजी सांगते, ‘मी कोपऱ्यात उभी. आता काय व्हतंय म्हनून अंग कापाया लागलं.’ सासरे आत आले, तुकडे बघितले आणि म्हणाले, ‘काच हाय, फुटायचीच. फुटली न्हाई तर आमचा कारखाना कसा चालंल?’

ही गोष्ट मी शंभरदा ऐकली असेन. दरवेळी आजी हसते आणि दरवेळी शेवटी म्हणते, ‘पर त्यांच्या हातची तेवढी एकच व्हती.’

यंदा तिच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. पट्टी काढल्यावर तिला पहिल्यांदा काय दाखवायचं, तर ती काच, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. म्हणून मी दोन हजारांची मर्यादा ओलांडली. आणि म्हणूनच, तेव्हा कोणी मला कुरिअरचा आकडा दाखवला असता तरी मी थांबले असते की नाही, हे मला सांगता येत नाही.

*

पण एक प्रश्न डोक्यातून जाईना. ज्या बाईला हे सगळं रोजच्या कामात कळतं, तिला रात्री पावणेअकराला का कळू नये?

याचं एक उत्तर तंजिम हुसेन आणि जॉन मॉर्गन या दोन अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासात मिळालं. २००६ मध्ये छापलेला हा अभ्यास त्यांनी ईबेवर खरेखुरे लिलाव लावून केला. गाण्यांच्या सीडी आणि एक्सबॉक्सचे गेम विकायला काढले. एकच वस्तू दोन पद्धतींनी मांडली. एकीकडे सुरुवातीची किंमत ४ डॉलर आणि पोचवण्याचा खर्च शून्य. दुसरीकडे सुरुवातीची किंमत १ सेंट आणि पोचवण्याचा खर्च ३ डॉलर ९९ सेंट. बेरीज दोन्हीकडे तीच. हिशोबाने वागणाऱ्या माणसाला दोन्ही लिलाव सारखेच वाटायला हवेत. पण एका सेंटपासून सुरू झालेल्या लिलावात जास्त लोक आले, लवकर आले, आणि शेवटी सगळं मिळून विकणाऱ्याच्या हातात सरासरीने जास्त पैसे पडले. एकूण रक्कम वाढवून पाहिली तेव्हा सीडींच्या बाबतीत हा फरक उरला नाही, पण गेमच्या बाबतीत राहिला.

म्हणजे आपण मोठ्या अक्षरातल्या आकड्याशी भांडतो आणि बारीक अक्षरातल्या आकड्याला मुकाट्याने हो म्हणतो. विकणाऱ्यांना हे कधीच कळलं होतं. ईबे एके काळी फक्त बोलीच्या रकमेवर कमिशन घ्यायचं, तेव्हा काही विक्रेते वस्तू जवळपास फुकट लावून सगळा नफा पोचवण्याच्या खर्चात भरायचे. शेवटी २०११ मध्ये अमेरिकेत ईबेने पोचवण्याच्या खर्चावरही कमिशन लावलं. आपल्याकडे हा लिलावांचा खेळ २००० साली बाझी डॉट कॉमने आणला, २००४ मध्ये ईबेने ती कंपनी विकत घेतली आणि २०१८ मध्ये ईबे इंडियाचं दुकान बंद झालं. पण सवय आपल्यात राहिली. १४९ रुपयांचा टी-शर्ट आणि ७९ रुपये डिलिव्हरी म्हटलं की आपण डिलिव्हरी वाचवण्यासाठी आणखी तीनशेचं काहीतरी घेतो आणि वाचवलं म्हणून खूश होतो.

दुसरी गोष्ट मला जास्त बोचली. लिलावात सगळे एकाच आकड्यावर बोलतात, पण प्रत्येकासाठी तो आकडा वेगळा असतो. समजा, माझ्याशी चढाओढ करणारा माणूस कोलकात्यातच राहणारा होता आणि जाऊन हातात खोका घेऊन येणार होता. त्याला पॅकिंग नाही, कुरिअर नाही, विमा नाही. फक्त बोली आणि त्यावरचं कमिशन. मी जेवढे पैसे भरले तेवढेच त्याने खर्च करायचे ठरवले असते, तर तो ४,१८० रुपयांपर्यंत बोलू शकला असता. पण तो २,३०० ला थांबला. ज्याला भाडं नव्हतं तोही थांबला, आणि दोन हजार किलोमीटरवरून मी पुढे गेले.

लिलावाच्या अभ्यासात याला ‘विजेत्याचा शाप’ म्हणतात. १९७१ मध्ये तीन पेट्रोलियम इंजिनिअरांनी मेक्सिकोच्या आखातातल्या तेलाच्या पट्ट्यांच्या लिलावांबद्दल लिहिताना ही गोष्ट मांडली. खाली किती तेल आहे हे कोणालाच नक्की ठाऊक नसतं. मग लिलाव कोण जिंकतं? ज्याचा अंदाज सगळ्यात फुगलेला तो. माझ्या काचांखाली तेल नव्हतं. पण मी का जिंकले याची दोनच कारणं असू शकत होती. एक तर मला त्या सगळ्यांपेक्षा जास्त हव्या होत्या, किंवा मी मोजलं नव्हतं. दोन्ही खरं होतं आणि कुठलं किती, हे मला वेगळं काढता येत नव्हतं.

*

खोका नवव्या दिवशी आला. आला म्हणजे तळेगावपर्यंत आला. गावात गाडी येत नाही, शाखेत येऊन घेऊन जा, असा फोन. स्कूटीच्या पुढे पायाशी खोका बसेना, म्हणून पप्पांचा टेम्पो घेऊन गेलो. त्याचं डिझेल मी कुठेच धरलेलं नाही.

ओसरीवर आजी, आई, शेजारच्या काकू, सगळे गोळा झाले. मी कात्रीने पट्टी कापली. भुसा, बबल रॅप, पुन्हा भुसा. पहिली काच निघाली ती अखंड. दुसरी अखंड. तिसऱ्या पुडक्याला हात लावताच आत बारीक किणकिण झाली. सहापैकी दोन फुटल्या होत्या. विमा होता, पण विम्यासाठी खोका उघडतानाचा सलग व्हिडिओ लागतो. तो काढायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. त्यामुळे ते ४८ रुपयेही गेले.

आजीने एक काच हातात घेतली. ऑपरेशन झालेल्या डोळ्यासमोर धरली. कडेवरून अंगठा फिरवला. काचेत तांदळाच्या दाण्याएवढा एक बुडबुडा होता. त्यावर तिचं बोट थांबलं. कारखान्याची खूण, शिक्का, असं काहीच नव्हतं. ती तळेगावचीच होती की विकणाऱ्याने नुसतंच लिहिलं होतं, हे कोण सांगणार?

‘तीच हाय का आजी?’ मी विचारलं.

‘तीच कशी आसंल? ती तर मी फोडली.’ मग जरा थांबून म्हणाली, ‘पर अशीच व्हती.’

आणि मग तिने तो प्रश्न विचारला, जो आपल्याकडे कुठलीही वस्तू घरात आली की विचारतात.

‘केवढ्याला पडली गं?’

‘चोवीसशेला,’ मी म्हणाले.

खोटं नव्हतं. चोवीसशेचीच बोली होती. पण आजीने बोली विचारलीच नव्हती. ‘केवढ्याला घेतली’ आणि ‘केवढ्याला पडली’ हे आपल्या भाषेत दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्यात दुकानदाराचा आकडा असतो. दुसऱ्यात गाडीभाडं, हमाली, वाटेतला चहा, फुटतूट, सगळं मिळवून वस्तू आपल्या उंबऱ्याच्या आत येते तोवरचा आकडा असतो. आमच्या कोटेशनवर ज्यासाठी इंग्रजी आद्याक्षरं लागतात, ते आजी एका क्रियापदात विचारते. आणि मी तिला खालच्या बारीक अक्षराशिवायचा आकडा सांगितला होता. त्या वेबसाइटने मला सांगितला होता तसाच.

पप्पा काही बोलले नाहीत. ते रिकामा खोका उचलून बाजूला ठेवत होते. त्यावरच्या चिठ्ठीवर आकारणीचं वजन २० किलो असं छापलेलं होतं.

*

आमचं वीस गुंठ्यांचं पॉलिहाउस आहे. मावळात बरीच आहेत. गुलाब निघतात ते लाल, लांब दांडीचे, बाजारात ज्यांना ‘डच गुलाब’ म्हणतात ते. वीस फुलांचा एक बंच. संध्याकाळी पप्पा आणि मी शेडमध्ये बंच बांधत बसलो होतो.

‘भाडं किती बसलं?’ पप्पांनी मान वर न करता विचारलं.

मी सांगितलं. सगळंच सांगितलं. चार हजार नऊशे बावीस रुपये ऐंशी पैसे. दोन फुटल्या, म्हणजे उरलेली प्रत्येक काच बाराशे तीस रुपयांना. ओरडतील असं वाटलं होतं. ते उठले, पत्र्याच्या कपाटातून एक फाइल काढून आणली आणि माझ्यासमोर ठेवली. त्यात पट्ट्या होत्या. माल विकला गेला की मार्केटमधून शेतकऱ्याला जो हिशोबाचा कागद मिळतो ती पट्टी. नग, भाव, रक्कम, वजा खर्च, आणि शेवटी हातात पडलेले पैसे. गाडीचा आणि खोक्यांचा खर्च पप्पांनी प्रत्येक पट्टीच्या मागे पेनाने लिहिला होता.

मी चाळायला लागले. मे महिन्यातली लग्नसराईची एक पट्टी. ६० बंच, ५० रुपये भाव, ३,०००. मागच्या बाजूला टेम्पोचा वाटा ६००, खोके आणि कागद ३६०, हमाली आणि किरकोळ १४०. एकूण खर्च १,१००. हातात १,९००. मग पितृपक्षातली पट्टी. तेच ६० बंच. भाव २० रुपये. १,२००. खर्च तोच, १,१००. हातात १००. औषध, वीज, मजुरी अजून त्यातून जायची होती.

‘भाव पडतो,’ पप्पा म्हणाले, ‘भाडं पडत नाही.’

‘पण त्या आठवड्यात तुम्ही जेवताना म्हणाला होतात की वीसने गेला, अगदीच वाईट नाही.’

‘वीसनेच गेला होता की.’

मला हसू आलं आणि लगेच गेलं. ते रोज रात्री आम्हाला भाव सांगत होते. हातात काय पडलं ते कधीच सांगत नव्हते. आई भावावरून अंदाज बांधायची, त्यावर भिशी लावायची, आजीच्या ऑपरेशनचे पैसे कुठून निघतील याचा हिशोब करायची. बँकेच्या पॉलिहाउसच्या कर्जाचे दोन हप्ते थकलेत, हे मला त्याच फाइलमधून कळलं. बाराशे तीस रुपयांच्या काचा शेजारच्या खोलीत ठेवलेल्या होत्या.

‘घरात काय सांगायचं? शंभर रुपये?’ पप्पा म्हणाले. ‘भाव सांगितला की माणूस जेवतो तरी नीट.’

तुम्हाला ती सोलापूरची बातमी आठवत असेल. २०२३ च्या फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा नेला. किलोला एक रुपया भाव मिळाला. गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाऊन त्याचे २ रुपये ४९ पैसे उरले आणि हातात दोन रुपयांचा चेक पडला. तेव्हा सगळ्यांनी तो चेक शेअर केला होता, मीही केला होता. मला तेव्हा ती एक विचित्र बातमी वाटली होती. आमच्याच कपाटात तसल्या कागदांची फाइल आहे, हे मला माहीत नव्हतं.

आणि हे नुसतं आपल्या मार्केटचं नाही. मावळातले काही गुलाब व्हॅलेंटाइन डेच्या आधी विमानाने युरोपला जातात. तिकडे नेदरलँड्समध्ये आल्समीरला फुलांचा जगातला सगळ्यात मोठा लिलाव भरतो. तिथे किंमत चढत नाही, उतरते. घड्याळाचा काटा वरून खाली येतो आणि जो पहिला बटण दाबेल त्याचा माल. आता तर खरेदीदार घरबसल्या स्क्रीनवरूनही बटण दाबतो. तो दाबण्याआधी त्याच्या डोक्यात हिशोब झालेला असतो की हा माल दुकानात पोचेपर्यंत केवढ्याला पडणार. त्याचं भाडं वाढलं की तो थोडा उशिरा दाबतो. तो उशीर फुलं पिकवणाऱ्याच्या पट्टीवर येतो. कागदावर भाडं कुणाच्याही नावाने असो, ते दोघांच्या मधेच वाटलं जातं. ज्याला थांबता येत नाही, ज्याचं फूल उद्या उमलून जाणार आहे, त्याच्या वाट्याला जास्त येतं.

*

त्या रात्री शेडमध्ये पट्टीच्या कोऱ्या पाठीवर पप्पांनी मला बोली लावायला शिकवलं. त्यांनी आयुष्यात ऑनलाइन काही घेतलेलं नाही.

‘उलटं मोज,’ ते म्हणाले. ‘आधी ठरव, दारात आल्यावर किती द्यायची तयारी आहे. मग मागे मागे जा.’

समजा, काचा दारात तीन हजारांना पडल्या तर चालतील. त्यातून जे बोलीवर अवलंबून नाही ते आधी काढायचं. पॅकिंग ६५०, कुरिअर १,४००. मिळून २,०५०. उरले ९५०. आता टक्केवारी. शंभर रुपयांच्या बोलीवर १५ कमिशन, त्यावर २.७० जीएसटी आणि २ रुपये विमा, म्हणजे प्रत्येक शंभराला खरे ११९ रुपये ७० पैसे जातात. ९५० ला १.१९७ ने भागायचं. ७९३. म्हणजे बोली ७९० ची.

मी २,४०० बोलले होते. मनातल्या दोन हजारांच्या मर्यादेत राहिले असते तरी चुकलेच असते. दारात तीन हजार हे माझं खरं म्हणणं असेल, तर माझी बोली ७९० च्या पुढे जायलाच नको होती.

हा आकडा लिलाव सुरू व्हायच्या आधी कागदावर लिहायचा, घड्याळ उलटं धावायला लागल्यावर नाही. बऱ्याच साइटवर आपली कमाल बोली एकदाच टाकून ठेवता येते. मशीन आपल्या वतीने गरजेपुरतंच वाढवत जातं, त्यामुळे जिंकलो तर आपण दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीच्या जरासं वर भरतो. विल्यम विकरी या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्येच दाखवून दिलं होतं, की जिंकणाऱ्याला दुसऱ्या क्रमांकाची किंमत भरायची असेल, तर आपल्याला वस्तू खरी जेवढ्याची वाटते तेवढंच लिहिण्यात शहाणपण आहे. फक्त ‘खरी’ म्हणजे दारातली, हे पप्पांनी जोडलं.

आणखी दोन-तीन गोष्टी मी तेव्हापासून पाळते. बोली लावण्याआधी विकणाऱ्याला खोक्याची लांबी, रुंदी, उंची विचारते, नुसतं वजन नाही. एकाकडूनच दोन वस्तू घ्यायच्या असतील तर एका खोक्यात येतील का, ते विचारते. फुटणारी वस्तू असेल तर एखादा नग फुटणारच असं धरून भागाकार करते. परदेशातून जुने कॅमेरे किंवा नाणी मागवणाऱ्यांनी तर हे ध्यानात ठेवावंच, की सीमाशुल्क नुसत्या वस्तूच्या किमतीवर नसतं. किंमत, भाडं आणि विमा यांच्या बेरजेवर असतं. म्हणजे भाड्यावरही कर भरावा लागतो.

महिन्याभराने त्याच विकणाऱ्याने आणखी काचा लावल्या. नग सहा, तोच खोका. मी ७९० टाकले आणि मोबाइल उशाशी ठेवून झोपले. सकाळी बघितलं तर १,१०० ला दुसऱ्याला गेल्या होत्या. थोडं वाईट वाटलं. चहा पिईपर्यंत तेही गेलं.

घरात एक गोष्ट बदलली. पप्पांनी त्याच आठवड्यात आईसमोर फाइल ठेवली. ती रात्र काही चांगली गेली नाही. आई बराच वेळ बोलली नाही, मग एकदम खूप बोलली. पण आता फ्रिजवर एक वही असते. तिच्यात भावाचा रकाना नाही, फक्त ‘हातात’ असा एकच रकाना आहे. त्या वहीमुळेच आईच्या लक्षात आलं, की भाव वीसवर आला की माल लांब पाठवण्यात अर्थ नाही. आता मंदीच्या दिवसांत काही बंच ती सोमाटणे आणि तळेगावच्या हारवाल्यांना पंधराने देते. वीसपेक्षा पंधरा कमी, पण त्यात टेम्पो नाही, खोका नाही, हमाली नाही. सगळा माल तिथे खपत नाही. कर्ज अजून आहे. पण आता ते किती आहे हे चौघांनाही माहीत आहे.

आजीला खरा आकडा मी दिवाळीच्या आदल्या दिवशी सांगितला. ती ओसरीवर बसून चारही काचा पुसत होती, राखेने नाही, ओल्या वर्तमानपत्राने. पाच हजारांना पडल्या म्हटल्यावर तिचा हात थांबला.

‘आन् तू चोवीसशे म्हनाली व्हतीस.’

‘हो.’

‘तुझा बापबी असाच हाय,’ ती म्हणाली आणि पुन्हा पुसायला लागली.

‘आजी, सांभाळून. बाराशेची एक आहे ती.’

‘काच हाय. फुटायचीच.’ तिने काच उजेडात धरली, बुडबुडा कुठे आहे तो बघितला आणि ती खाली ठेवून दुसरी उचलली. ‘फुटली तर दुसरी आन. पर आधी भाडं इचार.’